‘अचानक गेला’ म्हणायची वेळ टाळण्यासाठी : सीमाभागातल्या घरांसाठी वर्षभराचा आरोग्य आराखडा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, कुठल्याही गावात पन्नाशीच्या आतबाहेरचा माणूस गेला की रक्षाविसर्जनाला जमलेल्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘कायच नव्हतं गा त्याला. अचानक गेला.’

बहुतेक वेळा काहीतरी होतंच, फक्त कुणी मोजलं नव्हतं. रक्तदाब कित्येक वर्षं १६०च्या वर असतो आणि माणूस ठणठणीत दिसतो. साखर वाढलेली असते, पण थकवा कामाचा म्हणून सोडून दिला जातो. तंबाखू तर घरात सगळेच खातात म्हणून तिचा हिशोबच होत नाही. ५२ देशांत झालेला ‘इंटरहार्ट’ नावाचा मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडलेला आहे, असं त्यात दिसलं : धूम्रपान, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि दारू. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो आणि इतर देशांत तो साधारण सहा वर्षं उशिरा येतो, हेही त्याच अभ्यासातलं. म्हणजे आपल्याकडे ही तयारी साठीला सुरू करून चालत नाही. ती तिशीतच करायला हवी.

वर्षभरात काय करायचं ते खाली क्रमाने दिलं आहे. क्रम मुद्दाम लावला आहे : ज्यातून जास्त आयुष्य वाचतं ते आधी. काढे, डिटॉक्स आणि शेकडो तपासण्यांची महागडी पॅकेजेस यात नाहीत, कारण तंबाखू आणि बी.पी. तसंच ठेवून त्यांच्यावर पैसे घालण्यात काही अर्थ नाही.

पहिली पायरी : एक सकाळ, सहा नोंदी

तिशी ओलांडलेल्या घरातल्या प्रत्येकाने एक सकाळ यासाठी काढायची. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांवरच्यांची रक्तदाब, साखर आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी मोफत करण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. तालुका रुग्णालयात एनसीडी क्लिनिक, म्हणजे बी.पी., मधुमेह अशा असंसर्गजन्य आजारांचा विभाग, असतं. आशाताईंना विचारलं की कुठल्या दिवशी जायचं ते कळतं. उपाशीपोटी जा, पाणी प्यायलं तर चालतं.

वहीच्या एका पानावर एवढं लिहा :

रक्तदाब. १४०/९० किंवा त्याहून जास्त, तोही वेगवेगळ्या दिवशी पुन्हा तसाच आला, तर तो वाढलेला.
उपाशीपोटी साखर. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेहाची शक्यता. खात्रीसाठी पुन्हा तपासणी किंवा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी. ती ६.५ टक्के किंवा वर आली तर मधुमेह.
पोटाचा घेर. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका वाढतो. अंगाने सडपातळ पण पोट सुटलेला माणूस आपल्याकडे घरोघरी आहे. त्यानेही हे मोजायलाच हवं.
वजन आणि उंची. वजन किलोत, त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. आपल्या लोकांसाठी २३च्या पुढे जास्त वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा मानतात.
कोलेस्टेरॉल, म्हणजे लिपिड प्रोफाइल. चाळिशीनंतर प्रत्येकाने. घरात वडील किंवा भाऊ ५५च्या आत, किंवा आई-बहीण ६५च्या आत हृदयविकाराने गेली असेल, तर तिशीतच.
तंबाखू. कुठल्या रूपात आणि दिवसातून किती वेळा.

रक्तदाब मोजताना आपल्याकडे फार घाई होते. एस.टी.तून उतरून, जिना चढून, बाहीवरूनच पट्टा बांधून घेतलेला आकडा खरा नसतो. अर्धा तास आधी चहा, बिडी, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. पहिल्या खेपेला दोन्ही दंडांत मोजून घ्या आणि ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात पुढे धरा. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. घरी यंत्र घ्यायचं तर दंडाला बांधायचंच घ्या, मनगटाचं नको. घरच्या यंत्रावर १३५/८५च्या वर वारंवार दिसलं तर डॉक्टरांना दाखवा.

हे पान जपून ठेवा. आपल्या भागातला रुग्ण आज बेळगावात, महिन्याने कोल्हापुरात, मग मिरजेत किंवा गोव्यात दाखवतो. प्रत्येक ठिकाणी नवी फाइल, नव्या गोळ्या, आणि जुन्या कुणाला माहीत नाहीत. एकच जाड प्लास्टिकची फाइल ठेवा, सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, सध्याच्या गोळ्यांची यादी वरच्या पानावर. डॉक्टर बदलले तरी फाइल तीच राहिली पाहिजे.

दुसरी पायरी : तंबाखू

एवढी एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

निपाणी परिसराचा संसार तंबाखूवर उभा राहिला, हे मी विसरत नाही. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथलेच शेतकरी हमरस्त्यावर बसले होते. वखारीत काम करून कितीतरी बायकांनी पोरं शिकवली. पण पीक विकणं वेगळं आणि ते दिवसाला आठ-दहा वेळा गालात धरणं वेगळं. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात असं आढळलं, आणि त्यात ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे, चोळणारे जास्त. तंबाखूमुळे देशात वर्षाला साडेतेरा लाखांच्या आसपास माणसं जातात. बिडी हलकी असते, असं पुष्कळांना वाटतं. भारतातल्याच एका मोठ्या अभ्यासात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सुमारे सहा वर्षांनी आणि बायकांचं आठ वर्षांनी कमी झालेलं दिसलं. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं दहा वर्षांनी.

मिश्रीबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळी चुलीपुढे बसून बोटाने हिरड्यांना लावत राहायची. हे व्यसन आहे असं कुणी धरतच नाही, ‘दात घासते’ म्हणतात. पण त्यातली निकोटीन हिरडीतून सरळ रक्तात जाते. गरोदरपणात मिश्री लावणाऱ्या बायकांची बाळं कमी वजनाची होण्याचा आणि पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. सासूबाई लावतात म्हणून नवी सून शिकते, असं अनेक घरांत चालत आलं आहे. ते एका पिढीत थांबू शकतं, आणि थांबवायची सुरुवात सासूबाईंनीच केली तर घरात कुणाला काही सांगावंही लागत नाही.

सुपारीलाही सूट नाही. तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो आणि तोंडाची कातडी आखडते. आरशासमोर उभं राहून स्वतःची तीन बोटं उभी करून वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील तर दंतवैद्याकडे जा. गालाच्या आत, जिभेखाली, ओठाच्या मागे पांढरा किंवा लाल चट्टा, आणि दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, मग ती दुखत नसली तरी, लगेच दाखवायची. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर बरा होतो, आणि बघायला फक्त उजेड आणि आरसा लागतो.

सोडायचं कसं? एक तारीख ठरवा, आठ-दहा दिवसांवरची. लग्न, जत्रा, उसाची तोड यांच्या धांदलीतली नको. घरात सांगा. आदल्या रात्री चंची, चुन्याची डबी, खिशातली पुडी, गाडीच्या डिकीतली पुडी, गोठ्याच्या कोनाड्यातली पुडी, सगळं बाहेर काढा. पहिले तीन दिवस सर्वांत जड जातात. तलफ येते ती पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा : पाणी प्या, जागेवरून उठा, तोंडात लवंग, बडीशेप किंवा ओवा टाका.

पुष्कळजण एकाच कारणाने परत सुरू करतात आणि ते कारण कुणी मोठ्याने सांगत नाही : तंबाखू खाल्ल्याशिवाय परसाकडे होत नाही. ते खरं आहे, पण तात्पुरतं आहे. निकोटीनने आतड्यांना ढकलायची सवय लागलेली असते. दोन-चार आठवड्यांत आतडी आपोआप वळणावर येतात. तोवर सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, पालेभाजी, सालासकट डाळी, पिकलेलं केळं किंवा पेरू, आणि गरज पडली तर झोपताना इसबगोल. आधीपासून माहीत असलं की माणूस चौथ्या दिवशी घाबरून पुडीकडे जात नाही.

निकोटीनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं, पण ते चिंगमसारखं सतत चघळायचं नसतं. दोन-चारदा चावायचं, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. त्याआधी आणि त्यावेळी चहा नको. मदतीसाठी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ आहे आणि फोन मोफत आहे. पुन्हा खाल्ली गेली तर त्याच दिवशी पुन्हा थांबायचं. बहुतेकांची सुटते ती पहिल्या खेपेला सुटत नाही. चाळिशीच्या आत धूम्रपान सोडलं तर त्यातून येणारा अकाली मृत्यूचा जादा धोका सुमारे ९० टक्के टळतो, आणि साठीत सोडलं तरी काही वर्षं पदरात पडतात.

तंबाखूच्या शेतात काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ओल्या पानांतून निकोटीन कातडीतून अंगात जाते. चक्कर, मळमळ, उलटी होते ती नुसती उन्हाची नसते. दव वाळल्यावर तोडणी करा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला, कपडे भिजले तर बदला आणि काम संपल्यावर साबणाने हातपाय धुवा.

तिसरी पायरी : बी.पी.ची गोळी बंद न करणं

गोळी सुरू करण्यापेक्षा ती चालू ठेवणं अवघड आहे. दोन-तीन महिन्यांनी आकडा १२८/८२ येतो आणि माणूस म्हणतो, ‘नॉर्मल आलंय की आता. रोज कशाला खायची?’ खानापूरच्या पावसात छत्रीखाली आपण कोरडे आहोत म्हणून कुणी छत्री मिटत नाही. आकडा नॉर्मल आहे तो गोळीमुळे.

वरचा आकडा फक्त १० ने उतरला तरी हृदयविकार आणि लकव्यासारख्या मोठ्या घटनांचा धोका साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला हा निष्कर्ष आहे. सरकारी दवाखान्यात बी.पी. आणि साखरेच्या साध्या गोळ्या मोफत मिळतात. चार दिवसांच्या उरल्या की आणायला जा, संपल्यावर नको. गोळीने पायाला सूज, कोरडा खोकला किंवा चक्कर आली तर ती स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते.

एक गोष्ट अनेकांच्या बी.पी.वर पाणी फिरवते : अंगदुखीची गोळी. दिवसभर ऊस भरून, भांगलण करून आलं की दुकानातून दोन गोळ्या आणून घ्यायची सवय लागलेली असते. यातल्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि रोज घेतल्या तर मूत्रपिंड खराब करतात. मधुमेह आणि बी.पी. दोन्ही असलेल्यांनी तर त्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत. गुडघेदुखीवर गुणकारी म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड असण्याची भीती असते. त्याने साखर भडकते.

साखरेच्या रुग्णाने रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहायच्या. शेतात अनवाणी जायचं नाही. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्यायची.

चौथी पायरी : स्वयंपाकघरातला हिशोब

दिवसाला माणशी पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक चमचा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आपण भारतीय त्याच्या जवळजवळ दुप्पट खातो. रोज चमचे मोजत बसायचं नाही. मिठाची एक किलोची पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख घाला. चार माणसांच्या घरात ती साधारण पन्नास दिवस पुरली पाहिजे. पंचवीस-तीस दिवसांत संपत असेल तर उत्तर तुमच्या समोर आहे. शिवाय लोणचं, पापड, सांडगे, खारवलेली मिरची, सुकी मासळी, बेकरीतली खारी आणि टोस्ट यांतलं मीठ त्या पिशवीतलं नसतं, ते वेगळं धरा. सुरुवात सोपी आहे : भाताच्या पाण्यात आणि भाकरीच्या पिठात मीठ घालू नका, ताटात वरून घेऊ नका. दोन-तीन आठवड्यांत जिभेला सवय होते. कमी सोडियमचं मीठ बाजारात आहे, त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी किंवा बी.पी.च्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते विचारूनच वापरावं.

तेलही असंच मोजा : माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

साखरेत कुंदा आणि करदंटापेक्षा चहा जास्त घात करतो. कुंदा सणावारी येतो. चहा दिवसाला पाच वेळा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर, आणि आपण काही गोड खाल्लं असं वाटतही नाही. गुळाचा चहा केला म्हणून हिशोब फारसा बदलत नाही. आधी प्रत्येक कपातला अर्धा चमचा कमी करा, पंधरा दिवसांनी आणखी अर्धा. पाहुण्याला ‘साखर किती घालू?’ विचारायची पद्धत घरात पाडली तर पाहुण्याचंही भलं होतं.

जमेची बाजू अशी की चांगलं अन्न आपल्याकडे दारातच आहे. ज्वारीची भाकरी, खानापूर भागातली नाचणी, कुळीथ, मटकी, शेंगदाणे, बेळगाव परिसरातल्या ताज्या भाज्या. ताटात अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीला, पाव डाळ-उसळ किंवा मासा-अंडं, आणि उरलेला पाव भात-भाकरी. रात्री भाताचा ढीग आणि आमटी, एवढंच जेवण असलेल्या घरांना हा बदल जड जाईल. म्हणून आधी फक्त रात्रीचं ताट बदला.

पाचवी पायरी : पाय आणि झोप

‘आम्ही शेतकरी, आम्हाला कसला व्यायाम?’ हे पूर्वी खरं होतं. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, बांधापर्यंत मोटारसायकल जाते आणि पाणी मोटारीचं बटण दाबून सुटतं. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने चालायचं, म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. बेळगावकरांना किल्ला तलाव आहे, टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो आहे. गावात शेताची वाट आहे, गाडी घरी ठेवा. जेवणानंतर दहा मिनिटं चाललं तरी साखर कमी चढते. यंत्रमागावर किंवा दुकानात दिवसभर बसणाऱ्यांनी तासातून एकदा उठायचं. व्यायामाची सवय नसलेल्या चाळिशीपुढच्या माणसाने एकदम जड व्यायाम सुरू करण्याआधी बी.पी., साखर आणि ई.सी.जी. पाहून घ्यावा.

झोप रोज सात तासांच्या आसपास हवी. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबल्यासारखा होणं आणि दिवसा डुलक्या येणं ही तिन्ही लक्षणं एकत्र असतील तर डॉक्टरांना सांगा. त्याने बी.पी. वाढतं आणि गाडी चालवताना डोळा लागतो.

सहावी पायरी : दारू आणि रस्ता

दोन्ही एकत्र लिहिले, कारण आपल्याकडे ती दोन्ही एकत्रच माणसं नेतात. गोवा चोर्ल्याच्या घाटापलीकडे, दारू तिकडे स्वस्त, आणि परतीची वाट वळणांची. दारूची कुठलीच मात्रा आरोग्याला निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. रोज पिणाऱ्याने मात्र एका झटक्यात बंद करू नये. हात थरथरणं, भास होणं, फिट येणं यांतून जीव जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषध घेऊन सोडायची.

रस्त्यावर : आय.एस.आय. हेल्मेट, पट्टा लावलेलं, मागे बसणाऱ्यालाही, आणि गावातल्या गावात जातानाही. हेल्मेटने अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. गळीत हंगामात रात्री पुणे-बेंगळूरु महामार्गाला आणि चिकोडी-अथणीच्या रस्त्यांना उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात. मागे दिवा नाही, ऊस बाहेर आलेला. ट्रॅक्टरवाल्यांनी ट्रॉलीच्या मागच्या फळीला लाल रिफ्लेक्टर टेप चिकटवावी, ट्रॉली बंद पडली तर लांब मागे खूण करावी. दुचाकीवाल्यांनी अंधारात वेग इतका ठेवावा की आपल्या दिव्याच्या उजेडात दिसेल त्या अंतरात गाडी थांबेल.

सातवी पायरी : घरातल्या बाईची पाळी शेवटची नको

नवऱ्याचा बी.पी. तपासतात, सासऱ्यांची साखर तपासतात, आणि घेऊन जाणारी सून स्वतः तपासून घेत नाही. तीस ते पासष्ट वयात दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यायची. काही मिनिटांचं काम आहे, भूल लागत नाही. अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणं, पाळी गेल्यावर रक्त दिसणं, संबंधांनंतर रक्त जाणं, यात लाज धरू नका. मुलींना ९ ते १४ वयात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी एच.पी.व्ही. लस देता येते. स्तनात गाठ, कातडी खडबडीत होणं, बोंडातून रक्त येणं, हे दिसलं की पुढच्या आठवड्यात दवाखाना.

चुलीच्या धुराने फुप्फुसं बिडी ओढल्यासारखी खराब होतात. गॅस आहे पण पाणी तापवायला चूल, असं असेल तर निदान ती बाहेर, मोकळ्यावर घ्या. वर्षानुवर्षं खोकला आणि चढावर दम लागणं हे वयाचं म्हणून सोडू नका. उद्यमबागच्या फाउंड्रीत वाळूच्या धुळीत काम करणाऱ्या पुरुषांनाही हेच लागू आहे, शिवाय त्यांनी साध्या रुमालाऐवजी धुळीसाठीचा मास्क वापरावा.

मनाचं दुखणंही माणूस नेतं. कर्ज, पीक बुडणं, दारू, घरातली भांडणं. माणूस एकटा बसायला लागला, झोप उडाली, ‘मी नसलो तर बरं’ असं बोलला, तर ते बोलणं गंभीरपणे घ्या. त्याला सरळ विचारा, एकटं सोडू नका, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला १४४१६ वर फोन लावा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. कीटकनाशकाची बाटली घरात कॉटखाली ठेवू नका. कुलूपबंद ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. तो एक अवघड तास टळला की बरीच माणसं वाचतात.

आठवी पायरी : छातीत दुखलं तर काय, हे आजच ठरवणं

‘काय नाही गा, पित्त खवळलंय. सोडा पिलो की बरं वाटतंय.’ या एका वाक्यात किती तास गेले असतील. छातीवर दाब, कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणं, गार घाम, धाप, यातलं काहीही दहा मिनिटांहून जास्त टिकलं तर तो झटका समजूनच चालायचं. बायकांत आणि मधुमेहींत कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसता घाम, मळमळ आणि एकदम गळाठा येतो.

माणसाला बसवा, चालवू नका, गाडीही चालवू देऊ नका. १०८ लावा. पलीकडचा माणूस कन्नडमध्ये बोलला तर ‘एदे नोवु’ म्हणा, म्हणजे छातीत दुखतंय, आणि गावाचं नाव व जवळची खूण सांगा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा पोटात रक्तस्राव झालेला नसेल तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची एक गोळी चावून खायला द्या. जिभेखालची गोळी मात्र शेजाऱ्याच्या डबीतून उसनी घेऊन देऊ नका, बी.पी. कमी असेल तर तीच जीव घेईल.

अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी ४६व्या वर्षी गेले. त्यांच्या नावाने कर्नाटक सरकारने ‘हृदय ज्योती’ योजना सुरू केली. तालुका रुग्णालयात ई.सी.जी. काढून तज्ज्ञांना पाठवायचा आणि गरज असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथेच मोफत द्यायचं, अशी ती आहे. आपल्या तालुका रुग्णालयात ही सोय आहे का आणि रात्रीही मिळते का, हे आजच जाऊन विचारून या. त्या रात्री शोधाशोध नको.

तोंड वाकडं, एक हात लुळा किंवा बोबडी वळली तर तो लकवा. इथे अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही, पाणीही पाजायचं नाही. माणूस शेवटचा नीट कधी होता ती वेळ लिहून घ्या. गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सी.टी. स्कॅन लागतो, म्हणून सी.टी. असलेल्या रुग्णालयातच सरळ न्या. झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे आधी नेलं तर ते तास तिथेच संपतात.

मग पैशांचं. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बी.पी.एल. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. ए.पी.एल. कुटुंबाला ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. साधारण मार्ग सरकारी रुग्णालयातून पुढे पाठवण्याचा आहे, तातडीच्या वेळी वेगळी सोय असते. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ८६५ सीमावर्ती गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. कोल्हापूर किंवा मिरजेला जाणार असाल तर कोणते कागद लागतात ते तिथल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, निघण्याआधी फोन करून विचारा. दोन्हीकडच्या योजनांसाठी आधार, रेशनकार्ड आणि रहिवासाचा दाखला यांच्या दोन-दोन झेरॉक्स त्याच प्लास्टिकच्या फाइलमध्ये घाला, आणि ती फाइल कुठे आहे हे घरातल्या शाळकरी मुलालाही माहीत असू दे.

पुढच्या तारखा पानावरच लिहा. बी.पी. नॉर्मल असेल तर वर्षाने, औषध सुरू असेल तर महिन्याला. साखर नॉर्मल असेल तर वर्षाने, उंबरठ्यावर असेल तर सहा महिन्यांनी, मधुमेह असेल तर एचबीएवनसी दर तीन महिन्यांनी. तोंडाची तपासणी दर महिन्याला आरशात, पोटाचा घेर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी.